वड्यांपुरतं ऊन

आईला मी फोनवर उन्हाचं आमिष दाखवलं होतं. "चौदा एप्रिलची जयंती झाली की कोक्विटलामला ये. इकडे कॅनडात मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण बोलवायचं कारण वेगळं होतं. दोन वर्षं मी एका कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, एकटी राहत होते, आणि ऑफिसातून येऊन स्वतःच कुलूप उघडायचा मला कंटाळा आला होता. तिने ठरल्याप्रमाणे सहा महिने राहावं, जमलं तर आणखी राहावं, एवढंच मला हवं होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. नागपूरला आमच्या गल्लीत आई हे माझ्याहूनही जास्त सांगायची.

ती आली, आणि २०११चा तो उन्हाळा काही आलाच नाही. मेमध्ये पाऊस, जूनमध्ये पाऊस, घरात हीटर चालू. ऑफिसातले जुने लोकही म्हणत, असं आम्ही पाहिलं नाही. मी कामावर गेले की आई स्वेटरवर माझं जॅकेट चढवून खिडकीशी बसायची. रस्त्यावर माणूस दिसत नसे. दिसलीच तर छत्री.

मे संपता संपता एका शुक्रवारी घरी आले, तर ओट्यावर मोठ्या गंजात मुगाची डाळ भिजत होती.

"आई, हे काय?"

"मुगवड्या. वैशाख चालू हाये. उद्या ऊन पडनच."

"आणि नाही पडलं तर?"

"वैशाखात ऊन पडत नाही, असं होते काय? काऊन, तुह्या कॉलेजात शिकवलं नाही?"

मी ऑफिसात दिवसातून तीनदा फोरकास्ट बघत होते. आठवडाभर ढगच होते. पण ते सांगायचं म्हणजे उन्हाळा नाहीच, हे मला माझ्या तोंडाने कबूल करावं लागलं असतं. मी म्हटलं, "पडेल."

सकाळी बाल्कनीत प्लास्टिक अंथरून आम्ही दोघी बसलो, पायात मोजे घालून. आई चिमटीने भराभर वड्या घालत होती आणि गल्लीतल्या बायकांचं सांगत होती. कोणाच्या वड्या लिंबाएवढ्या होतात, कोण हात चालवण्यापेक्षा तोंडच जास्त चालवते. आल्यापासून ती एवढं बोलली नव्हती. अकराच्या सुमारास पाऊस तिरपा आत आला. चारी कोपरे धरून आम्ही प्लास्टिक हॉलमध्ये आणलं, हीटरसमोर ठेवलं. तिसऱ्या दिवशी वड्यांना आंबूस वास आला, वर पांढरी बुरशी.

वड्या कचऱ्याच्या पिशवीत भरताना तिने विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

मी पिशवीचं तोंड उघडं धरलं.

"माही पोरगी खोटं बोलत नाही, असं सांगत फिरतो ना मी गल्लीत." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

जूनच्या शेवटी तिने परतीचं तिकीट लवकरचं करायला लावलं. "तुही नोकरी बरी हाये, घर बरं हाये. पण मले इथं दिवसभर बोलाले कोनी नाही. तुले तरी कोन हाये?"

"ऑफिस आहे," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये ऊन पडलं. चांगलं कडक. मी एक दिवस सुट्टी टाकली, आदल्या रात्री डाळ भिजवली आणि सकाळी बाल्कनीतून तिला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली होती.

"ऊन हाये काय? खरं सांग."

"खरंच आहे. पाठ भाजतेय."

"सोबतीले कोन हाये?"

"कोणी नाही."

ती म्हणाली, "मंग थोड्याच घाल."

डाळ मी तिच्या मापाने भिजवली होती. सगळ्या वड्या घालून होईपर्यंत दुपार टळली. ऊन साडेआठपर्यंत होतं आणि उजेड नऊपर्यंत, मी तिला सांगितलं होतं तसं.