अकरा घरांचे दोन पंच

मी चौथीत शाळा सोडली, पण मोजायचं कसं ते मला कोणी शिकवू नये. खाडीकाठच्या आमच्या पाच वाड्यांना खारं पाणी अडवणारा बांध एकच. त्याचे पाच सारखे भाग, हद्दीला दगड रोवलेले, आपला भाग आपल्या वाडीने राखायचा. पंचांची रीतही माझ्या आज्याच्या आधीची. वाडी केवढीही असो, तिचे दोन पंच. वर दर वीस घरांमागे एक. आमची घरं अकरा, म्हणून आमचे दोनच. शेजारच्या मोठ्या वाडीची घरं शंभर, त्यांचे सात. भातकापणी झाली की डागडुजीचा चिखल बांधाच्या कुठल्या भागावर आधी चढवायचा ते हे पंच ठरवतात. बांध फुटला तर पाणी पहिलं आमच्या शेतात. ते दोन पंच गेले तर आमचं भात गेलं, एवढी साधी गोष्ट.

गेल्या साली मोठ्या वाडीतल्या गुरुजींनी टूम काढली, प्रत्येक वाडीचे सरसकट दोन पंच बंद, फक्त वीस घरांमागे एक. म्हणजे आमच्या हाती काहीच नाही. गुरुजी आणि मी एका वर्गातले. तो पुढे शिकला, मी बांधावर गेलो.

हे ठरवायला पाचही वाड्यांची सभा होती. तिच्या दोन दिवस आधी कासू स्टेशनात गाडीत बसलो नि रोह्याला लेकीकडे गेलो. नात कॉलेजात आहे. ती भिजवलेले वाल सोलत होती आणि मी तणतणत होतो. ऐकून पोरगी हसली.

"आजा, ही तर अमेरिकेची रीत!"

"माझी चेष्टा करतेस काय गो?"

"नाय ओ, बघा." तिने ताटात वालाचे ढीग मांडले. "हे एकेक राज्य, आणि वाल म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायची मतं. प्रत्येकाला आधी दोन वाल, लहान-मोठं बघायचं नाही. मग लोकसंख्येप्रमाणे आणखी, पण अगदी लहानालाही एक तरी. म्हणून तीनच्या खाली कोणी नाही. राजधानीचे तीन धरून असे सगळे मिळून पाचशे अडतीस. दोनशे सत्तर मिळाले की राष्ट्राध्यक्ष."

"आणि ढीग वाटून घ्यायचा?"

"बहुतेक राज्यांत नाही. जो पुढे, तो सगळा ढीग उचलतो."

हे मला पटलं नाही, तसं मी तिला सांगितलंही. पण आधीचे दोन वाल मी डोक्यात धरून परत आलो.

सभा दुपारी देवळात भरली. मी उठून अमेरिका सांगितली तशी मोठ्या वाडीची माणसं खो खो हसली.

"चौथी सोडलेला आम्हाला अमेरिका शिकवतोय!" गुरुजी म्हणाले. "अरे, तिथे कमी मतांचा माणूस गादीवर बसलाय, ठाऊक आहे का? ही लोकशाही?"

"बसलाय, व्हय. ते वाईटच झालं." मी खोटं बोलत नाही. "पण लहानाला दोन दिले म्हणून नुसतं हसू नको. तुला घरं मोजायचीत ना? मोजू. मग बांधही घरं मोजूनच वाटू. तुमची शंभर घरं राखतात तेवढाच बांध आज आमची अकरा घरं राखतात. उद्या सकाळी दगड हलवतो."

हसणं थांबलं. गुरुजी म्हणाले, "हात वर करा, मतं घेऊ."

"हात मोजायचे की नाही हे हात मोजूनच ठरवणार? बरा न्याय काढलास!" म्हणालो आणि बाहेर पडलो.

सकाळी पहार घेऊन हद्दीच्या दगडापाशी गेलो. माझ्यामागे आमच्या अकराही घरांतलं एकेक माणूस होतं. बघतो तर गुरुजी धोतर सावरून दगडावर बसलेले.

"ऊठ," मी म्हटलं.

"चहा तरी घेऊन यायचास. पहाटेपासून बसलोय."

"दगड हलला तर किती बांध अंगावर येतो ते मोजलंस वाटतं?"

"रात्री आमच्याच माणसांनी मोजून माझ्या दारात आरडाओरड केली. दगड राहू दे."

"आणि पंच?"

"तेही राहू देत. पण तू हट्टी आहेस हं."

"हाय. ऊठ आता, चहा घरी मिळेल."

यंदा चिखल पहिला आमच्या भागावर चढला. पहार मात्र मी आत ठेवली नाही, ओटीवरच आहे. गुरुजी आले की तिच्याच शेजारी बसतात.