खोलीत माणसं किती

बयाबाई तशी खोटं बोलणारी बाई नव्हे. फक्त एका गोष्टीत तिनं जन्मात कधी खरं सांगितलं नाही. कळपात मेंढरं किती, असं परक्या माणसानं विचारलं की दीडशे असली तरी ती म्हणायची, "हायेत शंभरभर." आकडा सांगितला की दृष्ट लागते. तिला हे आईनं सांगितलेलं, आईला आजीनं, आणि दृष्टीवर बयाबाईचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास.

आता मेंढरंच उरली नाहीत. पुण्याजवळच्या भुकूमला शेतं राहिली नाहीत, डोंगराला तारा ठोकल्या, मग मुकी जनावरं काय सिमेंट खाणार? चार वर्षांमागं तिच्या नवऱ्यानं, म्हसूनं, कळप विकला आणि एका बांधकामावर राखणदारी धरली. लेक सिद्धनाथ टेम्पोवर माल चढवायला लागला. आणि बिऱ्हाड आलं ते गावातल्या किशोरच्या भाड्याच्या खोल्यांत. काय म्हणावं दैवाला! खोल्या उभ्या राहिल्या ते त्याच्याच घरचं वावर. पूर्वी त्याचा बाप स्वतः पालावर येऊन "माझ्या वावरात मेंढरं बसवा" म्हणून विनवायचा, खतासाठी. चार रात्री कळप बसला की तांदूळ मापून द्यायचा, वर चहा. ज्या जागेवर बसायचे तांदूळ मिळायचे, त्याच जागेवर बसायचं आता भाडं द्यायचं, आणि तेही डोईमागं!

पत्र्याच्या अकरा खोल्या एका ओळीत. पुढं दार, मागं शेजारच्या इमारतीची भिंत, खिडकीचं नाव नाही. बयाबाईच्या खोलीचं भाडं तीन माणसांचं ठरलेलं. मग सिद्धनाथचं लग्न झालं आणि सोनिया घरात आली. चौथं डोकं सांगितलं असतं तर महिन्याला हजार रुपये वाढले असते. बयाबाई गप्प बसली. ओळीतल्या कुणी चहाडी केली नाही, कारण प्रत्येकाच्याच खोलीत एखादं न सांगितलेलं माणूस होतं.

सोनिया पहाटे उठून बावधनला एका सोसायटीत जिने पुसायला जायची, अंधार पडल्यावर यायची. हसरी पोर. सासूच्या पायाला तेल लावता लावता दिवसभराच्या गमती सांगायची, कुठल्या मजल्यावरच्या बाईनं कुत्र्याला स्वेटर घातला वगैरे. बयाबाईला लेक नव्हती. या पोरीवर तिनं जीव लावला होता, अगदी तोंड भरून सांगायची, "सून न्हाई, माजी लेकच हाय ती."

भादव्यात सोनियाला खोकला लागला. दिवाळीपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. खोकते म्हणून सोसायटीनं कामावरून काढलं, आणि मग ती दिवसभर त्या बंद खोलीत. किशोर किंवा त्याची बायको साधना ओळीत आली, की सोनिया मोरीच्या पडद्यामागं जाऊन बसायची, तोंडात पदराचा बोळा कोंबून. बयाबाई बाहेर उंबऱ्यावर बसून मोठमोठ्यानं बोलायची, आतला आवाज झाकायला.

मार्गशीर्षात घरांची आणि माणसांची मोजणी आली. साधना गावची आशाताई, सरकारी दवाखान्यातर्फे घरोघर फिरणारी. तिच्याबरोबर पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची जुईली नावाची मुलगी होती, हातात टेप आणि टॅब. मागोमाग किशोरही आला. आपल्या खोल्यांबद्दल काय लिहून घेतात ते त्याला बघायचं होतं.

जुईलीनं खोली मोजली. भिंतीला हात लावला, हात ओला झाला. "आजी, घरात सगळ्यांचे मिळून किती येतात महिन्याला? आणि भाडं किती?"

बयाबाईनं सांगितलं. जुईलीनं टॅबवर बोट फिरवलं. "तिसऱ्या हिश्श्याच्याही वर जातं भाडं. आणि माणसं किती राहता?"

"का वं, मानसं कशाला?"

"त्यावरूनच ठरतं ना. भाड्यात मिळकत संपते, मग खाण्याला आणि औषधाला उरत नाही. त्यातून एका खोलीत तीनापेक्षा जास्त माणसं असली तर आजार पसरतो. अशा घरांवर लाल खूण. लाल खूण असेल तिथं एक्स-रेची गाडी येणार, फुकट तपासणी. सांगा, किती?"

किशोर दारातच उभा होता. पडद्यामागं सोनियानं श्वास धरला होता, आणि ते सगळ्यांत एकट्या बयाबाईला माहीत होतं. खरं सांगावं तर किशोर सात महिन्यांचं वाढीव भाडं मागं धरून मागणार. आणि भरल्या घराची माणसं अशी परक्यापुढं मोजून सांगायला तिची जीभच वळेना.

"तीन," ती म्हणाली.

"खोकला कुणाला?"

"न्हाई बया. ठणठणीत हाय सगळी."

जुईलीनं पिवळी खूण केली आणि पुढच्या खोलीत गेली.

दहा दिवसांनी गाडी आली ती ओढ्याकाठच्या चाळीत. तिथल्या बायकांनी खरे आकडे सांगितले होते, त्यांचा मालक गावात नव्हता. त्या सकाळी सोनियाच्या पदरावर रक्ताचा डाग पडला. बयाबाईनं तो पाहिला. मेलं ते भाडं! तिनं सुनेचा दंड धरला आणि भर दिवसा, सगळ्या आळीसमोरून तिला ओढत गाडीपाशी नेलं.

गाडीवाला यादी बघून म्हणाला, "हे नाव नाही यात."

"नसू दे! मी लपिवलं म्हून न्हाई. ही माजी सून हाय, सोनिया सिद्धनाथ. सात म्हैनं हितंच ऱ्हाती, माज्या खोलीत. लिवा आता!"

साधना तिथंच टेबलाशी बसली होती. तिनं मान वर केली, सोनियाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "अगं बयामावशी, मला तरी सांगायचं होतंस गं."

"तुमाला कसं सांगू, वैनी? तुमीच मालकीण."

साधनानं खाली मान घालून नाव लिहिलं.

चार दिवसांत निकाल आला. टीबी, दोन्ही फुप्फुसांत. डॉक्टर म्हणाले, बरा होणारा आजार आहे, पण सहा महिने एकही दिवस गोळी चुकायची नाही, आणि खोलीला हवा हवी. बयाबाईनं हात जोडले. घरी येताना तिनं कितीतरी दिवसांनी कोंबडीची अंडी घेतली.

संध्याकाळी किशोर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, नाकाला रुमाल लावून. "मावशे, मागच्या भाड्याचं मी काडत न्हाई. पर ओळीतली मानसं घाबरल्यात. धा खोल्या रिकाम्या झाल्या तर ब्यांकेचा हप्ता काय मी तुज्याकडनं घिऊ? पंधरा दिवसांत जागा बघा."

साधना नवऱ्याशी दोन दिवस भांडली, जेवली नाही. पण घर किशोरच्या नावावर होतं आणि खोल्याही. शेवटी तिनं दवाखान्याचा एक कागद आणून बयाबाईच्या हातात दिला. "जिथं खोली मिळंल तिथल्या आशाताईला हा दाखव. ती गोळ्या घरी आणून देईल, रोज समोर बसून घ्यायला लावील. कागद हरवू नको बरं. यावरच सगळं हाय."

मग शोध सुरू झाला. बयाबाईनं मनाशी ठरवलं होतं, आता खोटं नाही. भूगावात तिनं खरं सांगितलं: चार माणसं, एक आजारी, औषध चालू. मालकानं दार लावून घेतलं. बावधनच्या कडेला सांगितलं, तिथल्या बाईनं तर तिच्यामागं उंबऱ्यावर पाणी ओतलं. सहा ठिकाणी खरं सांगितलं. सहाही ठिकाणी लोक सोनियाकडं असं बघायचे, की सातव्या ठिकाणी जाताना पोरीनं पदर तोंडावर ओढून घेतला.

पंधरावा दिवस उजाडला. सिद्धनाथनं मालकाचा टेम्पो मागून आणला. भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, एवढाच संसार. सातवं ठिकाण जवळच्याच चांदे गावात, तिथं एका गोठ्याच्या चार खोल्या केल्यात असं कळलं होतं. टेम्पो दाराशी थांबला, सोनिया मागं सामानाजवळच थांबली. मालकीण रत्नाबाई पुढं आली, स्वभावानं बरी दिसत होती. खोली दाखवली. इथंही खिडकी नव्हती, पण दारावर वीतभर झरोका होता.

"भाडं डोईमागं हाय," रत्नाबाई म्हणाली. "आन आजारीपाजारी कुनी नको बाई, आदीच सांगते. मानसं किती हायती?"

म्हसू जमिनीकडं बघत उभा राहिला. सिद्धनाथनं तोंड फिरवलं. सूर्य कलायला आला होता, आणि टेम्पो सहाच्या आत परत द्यायचा होता. बयाबाईनं कमरेच्या पिशवीत हात घातला. साधनानं दिलेला कागद तिच्या बोटांना लागला. तो बाहेर काढला तर आशाताई रोज दारात येणार आणि ही खोली गेली, आत ठेवला तर गोळ्या गेल्या. तिनं तो चार घड्या करून सुपारीच्या खाली सारला.

"तीन," ती म्हणाली.

सोनिया कुणी न सांगता टेम्पोच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.