देवमाशांच्या म्युझियममधलं पाणी

वडील गेले तेव्हा माझा पासपोर्ट रेसिडेन्सीच्या अर्जाबरोबर इमिग्रेशनच्या ऑफिसात अडकलेला होता. मी थोरला असून अग्नी धाकट्या भावाने दिला. इकडे परदेशात, अल्बनीच्या घरात बसून मी ते फोनवर पाहिलं, आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. रडू येत नव्हतं. स्वतःचा रागच यायचा त्याबद्दल.

दहाव्या दिवशी पुण्याहून गुरुजींनी फोनवर सांगितलं, "तिथल्या तिथे दक्षिणेला तोंड करून तिलांजली द्या, तेवढं पुरे." मी हो म्हणालो. पण भाड्याच्या घरातल्या सिंकमध्ये, खरकट्या भांड्यांशेजारी वडिलांना पाणी द्यायचं जिवावर आलं. संध्याकाळी बघू, म्हणून टाळलं.

नेमकं त्याच दिवशी मुलीला देवमाशांच्या शिकारीचं म्युझियम दाखवायचं कबूल केलं होतं. सुतकात देऊळ चालत नाही, म्युझियमबद्दल शास्त्रात काही नसावं, असं बायको म्हणाली. गेलो.

आत चरबी उकळायच्या काळ्या कढया होत्या, लग्नातल्या आचाऱ्याकडे असतात तेवढ्या. दोरखंड बांधलेले भाले होते. मधोमध देवमाशाचा जबडा. मुलीने पाटी वाचली. "बाबा, दे किल्ड द बेबी फर्स्ट. सो द मम वुडन्ट लीव्ह." मला काहीच वाटलं नाही. आपल्याला मात्र वडिलांना सोडून येणं चांगलं जमलं, एवढंच मनात आलं.

बाहेर पडायच्या दारापाशी दगडी भांड्यात पाणी ठेवलेलं होतं. तिथल्या माओरी बाईंनी "किया ओरा" असा त्यांच्या भाषेत नमस्कार करत आम्हाला थांबवलं. आत हाडं आहेत, म्हणजे गेलेलेच ते. त्यांच्यापासून निघताना हातांवर पाणी घ्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. "आमच्याकडेही असंच काहीसं असतं," मी म्हणालो.

मुलीने बोटं बुडवून झटकली. मी उजव्या तळव्यावर पाणी घेतलं आणि हात आपोआप अंगठ्याकडे कलला. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी खालच्या गोट्यांवर पडलं, पितरांना देतात तसं. तीळ नव्हते. दक्षिण कुठली, तेही सुचलं नाही.

मी पुन्हा पाणी घेतलं.

"बाबा, वन्स इज इनफ," मुलगी म्हणाली.

मी तीनदा दिलं. तिसऱ्यांदा वडिलांचं नाव घ्यायला गेलो, तर आवाजच फुटेना.