बुधवारची पत्रं

गल्लीतल्या नर्सबाई आज इंजेक्शन देताना जितक्या शांत असतात, तितक्या विसाव्या वर्षी नव्हत्या. तेव्हा त्या नर्सिंगच्या होस्टेलवर होत्या आणि दर बुधवारी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत.

पत्र यायचं घराशेजारच्या मुलाचं. तो दूरच्या शहरात इंजिनियरिंग शिकत होता. निदान त्याच्या आईबापांचा तसा समज होता. चार चार पानं भरून चंद्र, चांदण्या, शिवाय तुझ्याविना घास घशाखाली उतरत नाही म्हणे. फोटोत मात्र स्वारीचे गाल चांगले वर आलेले. शेवटी एकच टुमणं, की शेवटचं वर्ष सोड, सुट्टीत लग्न करू, तुला नोकरी करायची गरजच काय. आणि ही वेडी कॉलेजातून नाव काढायचा अर्ज लिहून उशीखाली ठेवून बसलेली.

तेवढ्यात हिची आई न्हाणीघरात घसरली, मांडीचं हाड मोडलं. हिनं रडत रडत त्याला कळवलं. पुढच्या बुधवारी उत्तर आलं: आई धडधाकट आहेत हे वाचून जिवाला बरं वाटलं.

हिनं तीनदा वाचलं. खोलीतल्या मैत्रिणीनं कागद हातातून काढून खिडकीशी धरला.

"अगं, पत्र निळ्या शाईत आणि तारीख काळ्या? मागची काढ बघू."

मागची अकराही तशीच निघाली. तारखेचं अक्षरसुद्धा दुसऱ्याच कुणाचं. या पत्रबहाद्दरानं सगळं प्रेम सुट्टीतच एका बैठकीत उरकलं होतं. पावसाळ्याआधी सरपण रचावं तशी पत्रं रचून ठेवलेली, तारखेची जागा तेवढी मोकळी.

"चूक माझीच," ती म्हणाली. "आई पडणार हे मी त्याला सुट्टीतच सांगायला हवं होतं."

अर्जाचे चार तुकडे केले. मग मुद्दाम उघडं पोस्टकार्ड घेतलं, त्याच्या अख्ख्या होस्टेलला वाचता यावं म्हणून. आईला प्लॅस्टर घातलंय, मी शेवटचं वर्ष पूर्ण करणार आहे, तू यापुढे लिहिण्याची तसदी घेऊ नकोस. एवढंच.

त्यानंतरही तीन बुधवार पत्रं आलीच. गठ्ठा त्यानं खानावळवाल्याच्या हवाली केला होता, तारीख टाकून पेटीत टाकायला, आणि त्या बिचाऱ्याला थांब म्हणून सांगायचं राहून गेलं. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, तुझा होकार वाचून मी आनंदानं रडलो.