फवारणीचे हातमोजे

परदेशातला एक नामांकित फुटबॉलपटू जुना क्लब सोडून वाळवंटातल्या श्रीमंत लीगमध्ये गेला, तेव्हा आमच्या धानोऱ्याच्या चहाच्या टपरीवर त्याला सर्वांत जास्त शिव्या मी घातल्या. पैशासाठी इमान विकलं, असं मी टेबल ठोकून सांगत होतो. त्याला ते ऐकू गेलं नाही, हे माझं नशीब. कारण वर्षभरात तापीकाठच्या केळीवाल्या बागायतदारांनी स्वतःची लीग काढली, तीत आमच्यासारखे गावचे संघही घेतले आणि त्यांच्या स्वतःच्या संघाची पांढरी गाडी माझ्या दारात उभी राहिली.

मी गावच्या संघाचा गोलकीपर. वय अडतीस, नोकरी कारकुनाची, पोट नोकरीला शोभेल असं. गाडीतून उतरलेल्या काकांनी रक्कम सांगितली. विचार करायला दोन दिवस द्या, असं मी भारदस्तपणे म्हणालो आणि त्यांचा चहा संपायच्या आत होकार देऊन बसलो.

"तुमले लेतस?" बायको आतून म्हणाली. "गुडघा दखाडा का त्यासले?"

कर्णधाराला सांगणं मात्र जड गेलं. पंधरा वर्षं तो बचावाला माझ्यापुढे उभा राहिला. माझ्या हातून सुटलेले कितीतरी चेंडू त्याने गोलरेषेवरून परतवले आणि नाव माझं झालं. मी गेलो तेव्हा तो कपाशीत फवारणी करत होता. पंप पाठीवरून उतरवलाही नाही.

"जाय भो," तो म्हणाला. "आम्ही दखी लेसूत."

पाहून घेऊ म्हणण्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो.

नव्या संघात हिरवळ, बर्फाच्या पेट्या, मालिश करायला माणूस, सगळं होतं. फक्त मला खेळवत नव्हते. दोन सामने बाकावर केळी खाऊन काढल्यावर मी काकांना कारण विचारलं. ते प्रेमाने म्हणाले, "तुम्ही खेळलंच पाहिजे असं नाही. धानोऱ्याच्या गोलात नाही उभे राहिले, एटलुं बस, एवढंच पुरे." मला चक्क अभिमान वाटला. घरी येईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मग डोक्यात उजेड पडला, की त्यांनी मला घेतलंच नव्हतं, धानोऱ्याकडून काढलं होतं.

तिसरा सामना धानोऱ्याशीच. त्यांच्या गोलात कर्णधार स्वतः उभा, आणि हातात फवारणीचे रबरी हातमोजे. लोक हसायला लागले. मीही हसलो, बहुतेक सगळ्यांच्या आधी. मग चेंडू त्या रबरावरून घसरून आत गेला आणि माझं हसू जागीच थांबलं. गावाने वर्गणी काढून घेतलेली गोलकीपरच्या हातमोज्यांची एकुलती एक जोडी माझ्या पिशवीत होती. जो गोलात उभा राहील त्याची, असा आमचा नियम. नव्या संघाने मला नवी कोरी जोडी दिली, पण जुनी परत करावी हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याने मागितली नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मध्यंतरात मी सगळ्यांच्या देखत मैदान ओलांडून त्याच्याकडे गेलो. जोडी पुढे केली. माफी मागायची होती, पण "हे तुमचे" एवढंच म्हणालो. त्याने मोजे उलटसुलट करून पाहिले.

"धुयेल शेतस का?"

धुतलेत, मी म्हणालो. त्याने ते चढवले आणि रबरी जोडी माझ्या हातात दिली. "सकायले परत दी जाय. कपाशीवर फवारणी बाकी शे."

पुढचा सगळा खेळ मी ती जोडी मांडीवर घेऊन बाकावर बसून पाहिला. औषधाच्या वासाने शेजारचे खेळाडू सरकून बसले. धानोरा हरलं, पण त्यानंतर त्याच्या गोलात एकही चेंडू गेला नाही. सामना संपल्यावर काकांची गाडी मला न घेताच निघून गेली. मी बसने आलो.

सकाळी सहाला त्याच्या बांधावर पोचलो. संघात परत घेशील का, हे विचारायचं ठरवून गेलो होतो. जोडी पुढे केली, पण त्याने ती घेतलीच नाही. भरलेला पंप उचलून माझ्या पाठीवर चढवला आणि पट्टे आवळले.

"मोजा घाल," तो म्हणाला. "आते चाल, भो."

दुपारपर्यंत मी फवारत होतो. त्या हंगामात मी पूर्ण वेळ मैदानात राहिलो तो तेवढाच.