निवडलेला काळवीट

येवल्याजवळच्या माळावर, पाणवठ्यापाशी, शेळ्या राखणारा एक म्हातारा मला रोज सकाळी भेटे. त्याचे नाव मी विचारले नाही. हरणांचा कळप पाण्यावर आला की तो एक डोळा मिटून काठी एखाद्या नरावर रोखी.

"आज त्यो. वय झालंय, कळपापासून लांब चरतोय. गेला तरी कळपाचं काही बिघडत नाय."

तरुणपणी तो शिकार करीत असे. ती कधीच सुटली होती.

"मारायचा नाही, तर निवडता कशाला?" मी विचारले.

"सवय हाय, गुरुजी. निवडलेला दुसऱ्या दिवशी दिसला की बरं वाटतं."

एकदा त्याने सर्वांत लांब शिंगांचा काळवीट निवडला. तो कोणत्या ओघळीतून एकटा येतो, हेही सांगितले. मी ते सगळे चहाच्या टपरीवर बोललो. दुसऱ्या दिवशी कळप आला, तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"कुणाला बोलला व्हता का, गुरुजी?"

मी नाही म्हणालो.

त्यानंतर म्हातारा काठी मांडीवर आडवी ठेवूनच बसे. काळवीट मारला गेला की दुसऱ्या कळपात गेला, हे मला अजून माहीत नाही. टपरीवर विचारले तर कळेल. मी विचारलेले नाही.