बिघडलेलं पॉलिश आणि ते आणणारी माणसं

बिघडलेली वस्तू घेऊन आलेला माणूस आधी दहा मिनिटं ती कशी बिघडली ते सांगतो. मी वीस वर्षं हेच ऐकून राहिले आहे. मग किस्से साचणार नाहीत तर काय!

नागपुरात इतवारीत आमचं लहानसं वर्कशॉप. खुशालभाऊ खरादावर लाकूड गोल करतात: पलंगाचे पाय, काठ्या, खुळखुळे, डबे. पॉलिश मी करते. कुणाचं बिघडलं तर दुरुस्तही मीच करते.

*

मे महिना. देव्हाऱ्याच्या चार खांबांना लाखेचं पॉलिश मारलं आणि जेवायला गेले. येऊन बघते तर चारही खांब पांढरेफटक!

"खुशालभाऊ, काय केलं?"

"काही नाही ताई. लवकर वाळतील म्हणून कूलर त्यांच्याकडे फिरवला!"

कूलरच्या ओल्या हवेनं पॉलिश पांढरं पडतं. कूलर बंद केला, स्पिरिटचा बोळा हलक्या हातानं फिरवला, तेव्हा कुठे लाकडाचा रंग दिसला.

*

काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी पलंगाचे पाय घेऊन आले. चिकट, आणि वर पांढरा थर.

"पॉलिश वाळूनच नाही राहिलं. मग पावडर लावली."

"कोणती पावडर?"

"घामोळ्याची!"

मी खुर्चीत बसले. सगळं खरवडून पार लाकडापर्यंत जावं लागलं.

*

एका रिटायर्ड गुरुजींना काठी आरशासारखी हवी होती. पॉलिशचे आठ हात मारले. चार दिवसांनी गुरुजी आले, हात प्लास्टरमध्ये!

"ताई, चमक एक नंबर. पण मूठ हातातून सटकते!"

मुठीवरची सगळी चमक त्यांच्यासमोरच घासून काढली, नुसतं मेण चोळलं. गुरुजी माझीच समजूत घालत होते.

*

मौद्याच्या एक आजी, कडेवर नातू. नातवाच्या तोंडात खुळखुळा.

"याचा रंग निघून राहिला वं. पोरगं दिवसभर चावते."

"रंगवला कोणी?"

"याच्या बापानं. स्कूटरचा स्प्रे उरला होता!"

मी खुळखुळा हिसकावलाच! पोरानं असं भोकाड पसरलं की गल्ली जमा झाली. आजींना आधी पोराला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. ते ठणठणीत निघालं. मी मात्र खुळखुळा कोरा होईपर्यंत घासला आणि फक्त खोबरेल लावलं.

*

आणि एक काका. हातात शिसमाचा झाकणाचा डबा. बाहेर जीपमध्ये नातेवाईक, हॉर्न वाजतोय.

"झाकण उघडून नाही राहिलं. रामटेकले पोहोचायचं आहे."

काल त्यांनी घरीच पॉलिशचा एक हात मारला होता, नेताना डबा चांगला दिसावा म्हणून. ते ओलं असतानाच झाकण लावलं. चिकटलं!

मी फटीत थेंब थेंब स्पिरिट सोडलं. खुशालभाऊंनी डबा कानाशी धरून खडखड हलवला, पालथा केला, लाकडी हातोडीनं ठोकला. एकदा. दोनदा.

काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"हळू ठोक गा. आतमध्ये माझी बायको आहे."

हातोडी हवेतच राहिली.

"तलावात सोडायचं आहे तिले," काका म्हणाले. "हा डबा तिनंच पसंत केला होता. कुंकवासाठी."

खुशालभाऊंनी हातोडी खाली ठेवली, हात धुऊन आले आणि नुसत्या बोटांनी झाकण फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं टक्‌ झालं.

काकांनी डबा दोन्ही हातांत घेतला, तोंडाजवळ नेला आणि हळूच म्हणाले,

"चाल वं. सगळे थांबून राहिले."